मखरातला केल्ट

यूट्यूबवर नुसतं ‘केल्टिक म्युझिक’ टाकून बघा. धुकं, हिरवे डोंगर, पडका किल्ला, लांब केसांची एक बाई समुद्राकडे बघत उभी, मागे हार्प नाहीतर बासरी, आणि तीन तास तेच. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आईल ऑफ मॅन, फ्रान्समधलं ब्रिटनी, सगळं एकाच हिरव्या रंगात बुचकळून काढलेलं. मला आवडतं ते ऐकायला, खोटं कशाला बोलू, रात्री काम करताना लावतोसुद्धा. पण त्या धुक्यासोबत एक थिअरी फुकट मिळते आणि ती काही घशाखाली उतरत नाही, की केल्ट लोकांचा, म्हणजे या सगळ्या भागांतल्या लोकांचा, म्हणून एक खास स्वभाव असतो, हळवा, स्वप्नाळू, जरासा उदास, गाण्यात आणि अद्भुतात रमणारा, बोलायला गोड पण हिशेबाला कच्चा, राज्यकारभार वगैरे त्याला जमायचा नाही, बिचारा कवीच.

ही थिअरी काही इंटरनेटनं काढलेली नाही, चांगली दीडदोनशे वर्षं जुनी आहे आणि मोठमोठ्या विद्वानांनी ती मांडलीय. माझं म्हणणं एवढंच की हा स्वभाव त्या लोकांमध्ये कमी आणि त्यांच्याकडे बघणाऱ्याच्या खुर्चीत जास्त आहे, आणि त्यातलं कौतुक त्या लोकांना शिव्यांपेक्षा महाग पडलंय.

आधी रोमन लोकांचं ऐकू, कारण केल्टांबद्दल लिहून ठेवायची सुरुवात ग्रीकांनी आणि रोमनांनी केली. रोमन लेखक थोरला केटो म्हणतो गॉल लोकांना, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या केल्टांना, दोनच गोष्टींचा नाद, लढाई आणि चटपटीत बोलणं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो सगळी जमातच युद्धासाठी वेडी, डोकं गरम, चटकन अंगावर येणारी, वर बढाईखोर आणि दागिन्यांची हौस. सीझरनं तर इ.स.पू. ५८ पासून आठेक वर्षं त्यांच्याशी लढून अख्खं गॉल खिशात घातलं, तो म्हणतो चंचल आहेत, यांना सारखं काहीतरी नवीन हवं असतं. आता हे वर्णन आणि ते धुक्यातलं वर्णन शेजारी शेजारी ठेवा. एकीकडे गळ्यात सोन्याचं कडं घालून आरडाओरडा करणारा भांडकुदळ गडी, दुसरीकडे कोपऱ्यात बसून उसासे टाकणारा लाजाळू कवी. स्वभाव जर रक्तातच असतो तर मधल्या काळात रक्त एवढं पालटलं कसं? मला विचाराल तर भानगड सोपी आहे. रोमला केल्टांची भीती वाटत होती आणि त्यांना जिंकायचं होतं, म्हणून केल्ट आडदांड. व्हिक्टोरियन लंडनला त्यांची भीती उरली नव्हती, म्हणून केल्ट गोड.

त्यात अजून एक गंमत आहे. जुन्या ग्रीक-रोमन लेखकांपैकी कुणीही ब्रिटन किंवा आयर्लंडच्या लोकांना केल्ट म्हटलेलं नाही. केल्ट म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवरचे, गॉल वगैरे. आयरिश किंवा वेल्श माणूस शेकडो वर्षं स्वतःला केल्ट समजत नव्हता, त्याला तो शब्दच माहीत नव्हता. हे नातं जुळवलं भाषेच्या अभ्यासानं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमचा प्रमुख असलेला एडवर्ड लुइड हा वेल्श गृहस्थ वर्षानुवर्षं आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल, ब्रिटनी पालथी घालत फिरला, शब्द गोळा केले, आणि १७०७ मध्ये दाखवून दिलं की या सगळ्या भाषा एकमेकींच्या आणि जुन्या गॉलिशच्या नात्यातल्या आहेत. म्हणजे केल्ट हा मुळात भाषांच्या कुटुंबाला लावलेला टॅग आहे. भाषांच्या कुटुंबाला स्वभाव नसतो हो. मराठी, बंगाली, पर्शियन आणि आयरिश एकाच मोठ्या इंडो-युरोपियन खानदानातल्या आहेत म्हणून आपला आणि डब्लिनवाल्याचा मूड एकसारखा जातो असं कुणी म्हणत नाही ना.

मग हा उदासपणा आला कुठून? तर त्याचा बराचसा सप्लाय एकाच दुकानातून झाला. १७६० च्या सुमारास जेम्स मॅक्फर्सन नावाच्या स्कॉटिश तरुणानं जाहीर केलं की हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, तिसऱ्या शतकातल्या ओसियन नावाच्या आंधळ्या कवीची महाकाव्यं आपल्याला सापडली आणि आपण ती इंग्रजीत आणली. युरोप पागल झाला. नेपोलियन ती वाचायचा, जर्मन कवी गटेनं आपल्या कादंबरीत त्यातले उतारे घातले. इंग्रजी शब्दकोशवाल्या डॉ. जॉन्सननं मूळ हस्तलिखितं दाखव म्हटलं, ती काही समाधानकारकपणे पुढे आली नाहीत. पुढच्या संशोधनात निघालं ते असं, की मॅक्फर्सननं हायलँड्सच्या गेलिक भाषेतल्या खऱ्या बॅलड्सचे काही धागे घेतले होते आणि बाकी सगळा शालू स्वतः विणला होता. वारा, थडगी, हरलेले वीर, अश्रू, हे सगळं अठराव्या शतकातल्या वाचकाला हवं तस्सं. आणि साधारण शंभर वर्षांनी जेव्हा इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नल्ड ऑक्सफर्डमध्ये केल्टिक साहित्यावर व्याख्यानं देतो आणि १८६७ मध्ये त्याचं पुस्तक काढतो, तेव्हा पुस्तकाच्या सुरुवातीलाच ओसियनची ओळ, की ते लढाईला गेले पण नेहमी पडले. खोटंनाटं असल्याचा संशय त्यालाही माहीत होता, तरी त्याचं म्हणणं काय, तर निम्मं बनावट म्हणून काढून टाका, उरतो तो आत्मा केल्टिकच. आता याच्यापुढे काय बोलणार.

अर्नल्डच्या आधी १८५४ मध्ये फ्रान्समध्ये अर्नेस्ट रेनाँ या विद्वानानं केल्टिक वंशांच्या काव्यावर निबंध लिहिला होता. रेनाँ स्वतः ब्रिटनीतल्या त्रेगिए गावचा, त्यामुळे माहेरच्या ओढीनं लिहिलेलं आहे ते, पण त्यात त्यानं सांगून टाकलं की वंशांना जर स्त्री-पुरुष असं लिंग लावता आलं तर केल्ट हा स्त्रीवंश. लाजरा, घरात रमणारा, स्वप्नात जगणारा. १८५४ मध्ये एखाद्या समाजाला स्त्रीस्वभावाचा म्हणणं याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको, मताचा हक्क नाही, मालमत्ता नाही, निर्णय नवऱ्यानं घ्यायचे. अर्नल्डनं हे उचललं आणि त्यात फ्रेंच इतिहासकार आंरी मार्तँचा एक विचार घातला, की केल्ट हा वस्तुस्थितीच्या जुलमाविरुद्ध कायम बंड करून उठलेला असतो. वाचायला किती भारी वाटतं. आणि मग हळूच निष्कर्ष, म्हणूनच त्याला धंदा आणि राजकारण जमत नाही.

बरं, हे लोक स्वतः काय लिहून गेलेत ते कुणी बघायचं? अर्नल्डला यातली एकही भाषा येत नव्हती. जुन्या आयरिशमध्ये कायद्याचे ग्रंथ ढिगानं आहेत आणि त्यातला एक, सातव्या शतकातला, पूर्णपणे मधमाशांवर आहे. शेजाऱ्याच्या माशा माझ्या फुलांवर चरायला येतात तर मधात माझा वाटा किती, थवा उडून दुसऱ्याच्या झाडावर बसला तर तो कुणाचा, माशी चावली तर भरपाई काय, आणि माशीनं डोळा घालवलेल्या एका राजाचा दाखलासुद्धा आहे. दुसऱ्या एका ग्रंथात कुठल्या दर्जाच्या शेतकऱ्याचं घर किती फुटांचं असावं आणि त्याच्याकडे नांगराचा वाटा किती असावा याची यादी आहे. वेल्समध्ये दहाव्या शतकातल्या हवेल दा राजाच्या नावानं ओळखले जाणारे कायदे आहेत, त्यात मांजराचा रेट ठरवलाय. डोळे न उघडलेलं पिल्लू एक पेनी, डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारेपर्यंत दोन पेन्या, उंदीर मारायला लागलं की चार पेन्या. ज्या लोकांनी मांजराची किंमत परफॉर्मन्सवर ठरवली त्यांना वस्तुस्थितीशी वैर आहे असं म्हणायला फार मोठं काळीज लागतं. कोकणात बांधावरच्या फणसावरून कोर्टात गेलेल्या कुणालाही हे लोक लगेच आपले वाटतील.

आणि बरोबरीचं चिन्ह, शाळेत आपण सगळे काढतो ते दोन आडव्या रेघांचं, ते कुणी काढलं? १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डनं, हा वेल्समधल्या टेन्बी गावचा. कारण दिलं की दोन समांतर रेघांपेक्षा जास्त सारखं दुसरं काय असणार (पुढच्याच वर्षी बिचारा तुरुंगात मेला, ती वेगळी स्टोरी). वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराला पाय (π) हे ग्रीक अक्षर १७०६ मध्ये वापरलं ते विल्यम जोन्सनं, हाही वेल्श, अँगलसी बेटावरच्या गावातला. या जोन्सचा मुलगा म्हणजे आपल्या ओळखीचे सर विल्यम जोन्स, कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढणारे, ज्यांनी १७८६ च्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या आहेत असं सांगताना गॉथिक आणि केल्टिकलाही त्याच उगमाशी जोडलं. म्हणजे संस्कृत आणि केल्टिक यांचं नातं जाहीर करणारा माणूस वेल्श बापाचा, आणि म्हणे त्यांची ओळख करून देताना एकदा कुणीतरी चेष्टा केली होती की या गृहस्थांना जगातल्या सगळ्या भाषा येतात, फक्त स्वतःची सोडून.

बरं ही दोन-चार हुशार माणसं सोडा, अर्नल्ड ज्या काळात लिहीत होता त्या काळातलं वेल्स बघा. मर्थर टिडफिलच्या लोखंडाच्या भट्ट्या, उत्तरेच्या स्लेटच्या खाणी, दक्षिणेचा कोळसा. पुढे १९१३ साली साउथ वेल्सच्या खाणींतून साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला आणि तो काढणाऱ्यांत वेल्श बोलणारे ढीगभर होते. ते गात होते का? हो, चॅपलमध्ये, कॉयरमध्ये, जोरात गात होते. पण शिफ्ट संपल्यावर. आपल्याकडे गिरणगावात भजनी मंडळं होती म्हणून गिरणी कामगार व्यवहारशून्य ठरत नाही.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. स्वभावाच्या गप्पा या नुसत्या गप्पा नसतात, त्यावर फायली हलतात. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. लंडनच्या ट्रेझरीत मदतीच्या पैशावर बसलेला अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेल्यन, हा आधी इथे बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये होता, मेकॉलेचा मेहुणा, नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला. त्यानं १८४६ मध्ये लिहिलं की आपल्यापुढचं खरं संकट दुष्काळाचं नसून या लोकांच्या स्वार्थी, हेकट, दंगेखोर स्वभावाचं आहे. एकदा असं ठरवलं की धान्य पाठवायची घाई राहत नाही, कारण स्वभाव सुधारायला उपासमार बरीच असते. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणावर तीन इंग्रज कमिशनरांचा सरकारी रिपोर्ट आला, तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हती, आणि रिपोर्टात काय तर वेल्श भाषा ही प्रगतीच्या आणि नीतीच्या आड येणारी भिंत, बायकांच्या चारित्र्यावरही ताशेरे. वेल्समध्ये आजही त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. त्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, मग त्यानं दुसऱ्या वेल्श बोलणाऱ्याला पकडून तो त्याच्या गळ्यात घालायचा, शेवटी ज्याच्या गळ्यात राहील त्याला छडी. मराठीत बोललं म्हणून शाळेत दंड भरलेल्यांना हे वाचून काय वाटेल ते वाटो.

तर या सगळ्या शिव्यांच्या पार्श्वभूमीवर अर्नल्ड येतो आणि तो खरंच प्रेमानं बोलतो, हे मान्य करायला पाहिजे. त्याची आई कॉर्निश घराण्यातली. ऑक्सफर्डमध्ये केल्टिकचं अध्यासन व्हावं म्हणून तो झटला आणि १८७७ मध्ये ते झालंसुद्धा. पण त्याच पुस्तकात, त्याच प्रेमाच्या सुरात तो म्हणतो की वेल्श भाषा वेल्सच्या व्यावहारिक, राजकीय, सामाजिक जीवनातून जितक्या लवकर नाहीशी होईल तितकं बरं. हा माणूस पोटापाण्यासाठी शाळांचा सरकारी इन्स्पेक्टर होता, हे लक्षात घ्या. म्हणजे भाषा युनिव्हर्सिटीत अभ्यासाला ठेवायची, तिचा आत्मा इंग्रजी कवितेत चवीला घालायचा, आणि कोर्ट, कचेरी, बाजार, शाळा इथून ती जायची. साडीचोळी देऊन बोळवण म्हणतात ती हीच. शिवी दिली तर माणूस उलटून भांडतो, वेल्श लोक त्या निळ्या पुस्तकांविरुद्ध भांडलेच की. मखरात बसवून आरती केली तर भांडणार कुणाशी? आणि मखरातून उठून कचेरीत जाऊन बसायला लागलात तर लोक म्हणणार अरे हे तुमच्या स्वभावात नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, की ही इमेज त्यांनी स्वतःही आनंदानं अंगावर घेतली, मग बाहेरच्यांना कशाला दोष. घेतली, खरंय. आयरिश कवी येट्सनं १८९० च्या दशकात केल्टिक संधिप्रकाश वगैरे मांडून एक अख्खी चळवळ उभी केली, आणि त्या इमेजमधून आयरिश स्वाभिमानाला ताकद मिळाली हे नाकारता येत नाही, तुम्ही आम्हाला अव्यवहारी म्हणता तर असू दे, आम्ही आध्यात्मिक, तुम्ही दुकानदार. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे, पश्चिम भौतिक आणि आपण आध्यात्मिक असं म्हणून आपणही बरीच वर्षं स्वतःची समजूत घातलीय. पण त्याच वेळी डग्लस हाइड नावाचा दुसरा माणूस होता, त्यानं १८९२ मध्ये सांगितलं की इंग्रजांना शिव्या घालत घालत त्यांचीच नक्कल करणं थांबवा, आणि पुढच्या वर्षी गेलिक लीग काढून गावोगाव आयरिश भाषेचे वर्ग सुरू केले. येट्सला आयरिश भाषा कधी आली नाही. हाइड तिच्यात लिहायचा, आणि १९३८ मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मी कवी म्हणून येट्सच्या पायाशी बसेन, पण या वादात माझं मत हाइडला.

आणि आत्म्याच्या गोष्टींचा अजून एक प्रॉब्लेम म्हणजे त्या पोत्यात कुणीही काहीही भरतं. इटलीतल्या लेगा नोर्द पक्षाला १९९० च्या दशकात दक्षिणेकडच्या इटालियनांपासून वेगळं व्हायचं होतं तेव्हा त्यांना एकदम आपण केल्ट असल्याचं आठवलं. गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी केल्टिक क्रॉस उचलला. आयर्लंडची अर्थव्यवस्था १९९० च्या दशकात सुसाट सुटली तेव्हा त्याच लोकांना जगानं ‘केल्टिक टायगर’ म्हटलं, म्हणजे जे आळशी स्वभावामुळे उपाशी मेले असं सांगितलं गेलं त्यांचेच पणतू आता स्वभावानंच उद्योजक. २००८ ला बँका बुडाल्यावर परत कुठेतरी कुणीतरी म्हणालंच असेल की बघा, हिशेबाला कच्चे.

रक्ताचं म्हणाल तर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन हजारांवर लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला, आजी-आजोबा चारही एकाच भागातले असलेली माणसं मुद्दाम निवडून. केल्टिक असा एक गट निघालाच नाही. कॉर्नवॉल वेगळं, वेल्स वेगळं, वेल्समध्ये पुन्हा उत्तर आणि दक्षिण वेगळे.

हा स्वभाव वाटपाचा कारखाना आपल्यापर्यंतही आला होता. लढाऊ जमातींची जी यादी ब्रिटिशांनी केली तिचा मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स, जन्म कानपूरचा, घराणं आयर्लंडच्या वॉटरफर्डचं. हायलँडर, गुरखा आणि शीख एका माळेत, आणि मराठ्यांबद्दल त्याचं मत की यांच्यातली जुनी लढाऊ वृत्ती मेली. मग पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात हेच मराठे एवढे लढले की ११७ व्या मराठा पलटणीला ‘रॉयल’ किताब द्यावा लागला. वृत्ती मेली होती ती सुट्टीवरून परत आली म्हणायची. याच्या अगदी उलटं उदाहरण व्हिटली स्टोक्सचं. डब्लिनचा हा माणूस हिंदुस्थान सरकारचा लॉ मेंबर, म्हणजे कायद्याचं खातं बघणारा, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, ज्याच्या भानगडी आज फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला कळतात, तो आणि त्याच्यासारखे कितीतरी कायदे त्याच्या हाताखालून गेले, आणि उरलेल्या वेळात कलकत्त्यात आणि सिमल्यात बसून हाच माणूस जुन्या आयरिश ग्रंथांच्या आवृत्त्या काढत होता. केल्टिकचा त्या काळातला एक सगळ्यात मोठा जाणकार आणि कलमं-पोटकलमं लिहिणारा, दोन्ही एकच.

त्यामुळे कुणाला केल्टांबद्दल खरंच प्रेम असेल तर स्वभावाचं सोडा आणि भाषेचं विचारा, कारण तीच एक गोष्ट त्यांच्यात खरोखर सामाईक आहे आणि तीच जात होती. १९०१ मध्ये वेल्समधले निम्मे लोक वेल्श बोलायचे, २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. आयर्लंडमध्ये २०२२ ला पावणेएकोणीस लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश येते, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. हे आकडे धुक्यातल्या बासरीनं वाढत नाहीत. जे काही टिकलंय ते कंटाळवाण्या, चिवट, हिशेबी भांडणातून टिकलंय. १९६० च्या दशकापासून वेल्श पोरांनी रात्री जाऊन रस्त्यांच्या इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, दंड भरायला नकार दिला, तुरुंगात गेली. थॅचर सरकारनं वेल्श टीव्ही चॅनलचं दिलेलं वचन मोडलं तेव्हा १९८० मध्ये ग्विन्फोर एव्हन्स या नेत्यानं आमरण उपोषणाची तारीखच जाहीर केली, सरकार तारखेच्या आत नमलं आणि १९८२ मध्ये चॅनल सुरू झालं. पाठोपाठ भाषेचे कायदे आले, सरकारी कागद दोन भाषांत, पाट्या दोन भाषांत, आणि त्यासाठी प्रत्येक कौन्सिलला भाषांतराची सोय ठेवावी लागली.

२००८ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीच्या कौन्सिलला अवजड वाहनांना बंदी अशी एक पाटी लावायची होती. त्यांनी इंग्रजी मजकूर भाषांतरकाराला ईमेल केला, लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं, यांना वाटलं भाषांतरच आलं, तस्सं पेंटरकडे पाठवलं आणि मोठ्या अक्षरांत पाटी रस्त्यावर लागली. वर इंग्रजीत ट्रकना मनाई, आणि खाली स्वच्छ वेल्शमध्ये: मी सध्या ऑफिसमध्ये नाही, भाषांतराचं काही काम असेल तर पाठवून ठेवा.